परिसर्प, साधा : रोगज्ञानाचा इतिहास

साधा परिसर्प : त्वचा, श्लेष्मकला (शरीरातील पोकळ्यांचे बुळबुळीत अस्तर), डोळे आणि तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) यांवर परिणाम करणारा एक विषाणुजन्य रोग. ‘हर्पीस सिंप्लेक्स’ या नावाने तो अधिक परिचित आहे. ओठांच्या कडेला, तोंडात किंवा जननेंद्रियांवर लालसर त्वचेवर उठणारा लहान, पाणीदार पुटकुळ्यांचा झुबका हे त्याचे नित्याचे लक्षण होय. पुटकुळ्या फुटून उथळ व्रण होतात, त्यांवर खपली धरते व साधारणतः एक ते तीन आठवड्यांत ते भरून येतात. बहुसंख्य लोकांत रोग याहून पुढे जात नाही. मात्र क्वचित तो डोळ्याच्या स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पटलास) अपारदर्शक करून अंधत्व आणतो, मेंदूस शोथ (दाहयुक्त सूज) आणतो आणि नवजात अर्भकांत प्राणघातक ठरतो. कांजिण्यांच्या विषाणूमुळे होणारी नागीण हा याहून वेगळा रोग आहे. तिचा विषाणू याच कुलातील असला, तरी तो निराळा आहे.

या रोगाच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मुख्यत्वे बालपणी लाळेच्या संपर्कातून व दुसरा मुख्यत्वे लैंगिक संबंधातून पसरतो. तथापि दोन्ही प्रकार दोन्ही ठिकाणी रोग उत्पन्न करू शकतात. एकदा शरीरात शिरलेला विषाणू त्या भागाच्या तंत्रिकांच्या मुळाशी असलेल्या गुच्छिकांत (तंत्रिका कोशिकांच्या समूहांत) जन्मभर सुप्त राहतो आणि ताप, कडक ऊन, मासिक पाळी, मानसिक ताण किंवा प्रतिकारशक्तीचा ऱ्हास अशा निमित्ताने पुन्हा जागृत होतो. फोड डोळ्यांना दिसतो, परंतु विषाणूचे वसतिस्थान दिसत नाही. या रोगाविषयीच्या ज्ञानाचा इतिहास म्हणजे दिसणाऱ्या फोडापासून न दिसणाऱ्या वसतिस्थानापर्यंत झालेला संथ प्रवास होय. उपचारांतील यश व अपयश या दोहोंची कारणेही त्यातच सापडतात.

नाव व प्राचीन उल्लेख : ‘हर्पीस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. संस्कृतातील ‘सृप्’ हा धातू त्याचाच सगोत्र असून ‘सर्प’, ‘विसर्प’ व ‘परिसर्प’ हे शब्द त्यापासूनच बनले आहेत. चरकसंहितेत विसर्पाचे सविस्तर वर्णन आहे. परंतु ते त्वचेवर पसरत जाणाऱ्या अनेक विकारांना लागू पडणारे असल्याने त्यावरून आजचा साधा परिसर्प ओळखता येत नाही. ग्रीक वैद्यकाचीही हीच स्थिती होती. हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रंथांत त्वचेवर सरपटत जाणाऱ्या सर्वच व्रणांना हे नाव दिलेले आढळते. इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये व्यवसाय करणाऱ्या हीरॉडोटस नावाच्या वैद्यांनी (इतिहासकार हीरॉडोटस हे नव्हेत) ताप उतरण्याच्या सुमारास तोंडाभोवती उठणाऱ्या पुटकुळ्यांची नोंद केली. ओठावरील परिसर्पाचे हे ओळखू येण्याजोगे एक जुने वर्णन होय.

विषाणू मात्र या सर्व नोंदींहून फार प्राचीन आहे. जनुकीय तुलनेवर आधारलेल्या २०१४ मधील एका संशोधनानुसार पहिला प्रकार मानवाच्या पूर्वजांबरोबर चिंपँझीच्या शाखेपासून सु. ६० लाख वर्षांपूर्वी विलग झाला, तर दुसरा प्रकार चिंपँझीच्या पूर्वजांकडून मानवाच्या पूर्वजांकडे सु. १६ लाख वर्षांपूर्वी आला असावा. २०२२ मध्ये यूरोपातील प्राचीन मानवी अवशेषांच्या दातांमधून पहिल्या प्रकाराचे जनुकीय द्रव्य मिळविण्यात आले. त्यावरून या विषाणूचा आज प्रचलित असलेला वंश सु. ५,००० वर्षांपूर्वीचा असावा असे अनुमान काढण्यात आले.

वर्गीकरण व संसर्गजन्यतेचा शोध : फ्रेंच वैद्य झां आस्त्र्यूक (१६८४–१७६६) यांनी १७३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुप्तरोगांवरील लॅटिन ग्रंथात जननेंद्रियांवरील परिसर्पाचे वर्णन केले. पुढे रॉबर्ट विलन (१७५७–१८१२) व त्यांचे शिष्य टॉमस बेटमन (१७७८–१८२१) या इंग्रज वैद्यांनी त्वचारोगांचे काटेकोर वर्गीकरण केले. झुबक्यांनी उठणाऱ्या, ठराविक क्रमाने वाढून आपोआप बऱ्या होणाऱ्या पुटकुळ्यांपुरतेच ‘हर्पीस’ हे नाव त्यांनी मर्यादित केले. बेटमन यांच्या १८१३ मधील ग्रंथात ओठावरील व शिश्नाग्रत्वचेवरील परिसर्प स्वतंत्रपणे नोंदविलेले आहेत.

रोगाचे नाव निश्चित झाले, तरी तो संसर्गजन्य आहे हे मान्य होण्यास आणखी साठ वर्षे लागली. १८७३ मध्ये एमील व्हिदाल या फ्रेंच त्वचारोगतज्ञांनी पुटकुळीतील द्रव टोचून रोग एका व्यक्तीपासून दुसरीस होतो, हे दाखविले. मोरित्स कापोसी यांनी १८८७ मध्ये इसब असलेल्या मुलांत सर्वांगावर पसरणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन केले; हा याच विषाणूचा उग्र आविष्कार आहे हे पुष्कळ नंतर समजले. जर्मन नेत्रवैद्य व्हिल्हेल्म ग्र्यूटर यांनी १९१२ च्या सुमारास रुग्णाच्या डोळ्यातील द्रव्याने सशाच्या स्वच्छमंडलात रोग उत्पन्न केला आणि तेथून तो एका अंध माणसाच्या डोळ्यात परत नेला. अशा प्रयोगास आज कोठेही अनुमती मिळणार नाही. परंतु रोगकारक घटक सशातून माणसाकडे परत नेता येतो, ही गोष्ट त्यामुळे सिद्ध झाली. १९१९ मध्ये लव्हेन्श्टाइन यांनी ओठावरील पुटकुळ्यांतील द्रव्याबाबत अशीच प्रायोगिक सिद्धता दिली. १९२१ मध्ये व्हिएन्ना येथील बेंयामीन लिपश्यूट्स यांनी रोगग्रस्त कोशिकांच्या केंद्रकांतील वैशिष्ट्यपूर्ण पिंडांचे वर्णन केले. ओठावरील व जननेंद्रियांवरील रोगांत भेद असावा, हे त्यांचे मत सु. चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिले. १९६० च्या दशकात जर्मनीत श्नेव्हाइस यांनी आणि अमेरिकेत नाहमियस व डाउडल यांनी प्रतिजनांच्या (प्रतिकार उद्दीपित करणाऱ्या घटकांच्या) परीक्षणाने विषाणूचे दोन प्रकार सिद्ध केले, तेव्हा ते मत खरे ठरले.

सुप्तावस्थेचे कोडे : परिसर्प एकाच जागी पुनःपुन्हा का उठतो, हा प्रश्न जुनाच होता. अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ हार्व्ही कुशिंग (१८६९–१९३९) हे चेहऱ्यातील असह्य वेदनांवर उपाय म्हणून त्रिमूल तंत्रिकेच्या गुच्छिकेवर शस्त्रक्रिया करीत. अशा शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात, असे त्यांना विसाव्या शतकाच्या प्रारंभी आढळले. फोडांचा तंत्रिकेशी काही संबंध असावा, असे यावरून सूचित झाले. १९२३ मध्ये अर्नेस्ट गुडपाश्चर (१८८६–१९६०) व टीग यांनी सशाच्या जबड्याच्या स्नायूत विषाणू टोचला. तेव्हा तो रक्तावाटे न जाता त्या स्नायूच्या तंत्रिकेतून मेंदूच्या स्तंभापर्यंत पोहोचला. दोन पुनरावृत्तींमधील काळात विषाणू गुच्छिकेतच वास करीत असावा, अशी कल्पना गुडपाश्चर यांनी १९२९ मध्ये मांडली. ती सिद्ध करण्याची साधने त्या वेळी उपलब्ध नव्हती.

दुसरे कोडे प्रतिपिंडांचे होते. १९३० मध्ये अँड्रूझ व कारमायकेल यांना वारंवार परिसर्प होणाऱ्या व्यक्तींच्या रक्तात विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. इतर बहुतेक रोगांत प्रतिपिंडे हे संरक्षणाचे लक्षण समजले जाई. येथे प्रतिपिंडे असणाऱ्यांनाच रोग पुन्हा होत होता. याचा उलगडा दोन टप्प्यांत झाला. १९३८ मध्ये डॉड, जॉन्स्टन व बडिंग यांनी लहान मुलांच्या तोंडात येणाऱ्या वेदनायुक्त व्रणांमध्ये हाच विषाणू असल्याचे दाखविले. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ फ्रँक मॅक्फार्लेन बर्नेट (१८९९–१९८५) व विल्यम्स यांनी या माहितीची सांगड घातली : बालपणी पहिला संसर्ग होतो, विषाणू जन्मभर शरीरात राहतो आणि प्रौढपणी उठणारा फोड हा नवा संसर्ग नसून जुन्याच विषाणूचे पुनरागमन असते. सजीवाचा व सूक्ष्मजीवाचा संबंध केवळ युद्धाचा नसतो, तर दीर्घ सहवासाचाही असू शकतो, या विचाराचे हे प्रारंभीचे व महत्त्वाचे उदाहरण होय.

प्रत्यक्ष पुरावा १९७१ मध्ये मिळाला. अमेरिकेतील जॅक स्टीव्हेन्स व मार्जरी कुक यांनी उंदरांच्या पायांत विषाणू टोचला व रोग बरा झाल्यानंतर त्यांच्या मेरुरज्जूलगतच्या गुच्छिका तपासल्या. गुच्छिकांचा ताबडतोब लगदा करून पाहिला असता विषाणू मिळाला नाही. परंतु त्याच गुच्छिका काही दिवस पोषक द्रवात जिवंत ठेवल्यावर विषाणू प्रकट झाला. १९७२ व १९७३ मध्ये मृत व्यक्तींच्या त्रिमूल गुच्छिकांतूनही तो अशाच रीतीने मिळविण्यात आला. यांतील अनेकांच्या चेहऱ्यावर मृत्यूसमयी परिसर्पाचे कोणतेही चिन्ह नव्हते. गुडपाश्चर यांचे अनुमान अशा प्रकारे चार दशकांनंतर सिद्ध झाले. सुप्तावस्थेत विषाणूची जवळजवळ सर्व जनुके निष्क्रिय असतात, म्हणून शरीराच्या संरक्षक यंत्रणेस त्याचा सुगावा लागत नाही आणि वृद्धी होत असलेल्या विषाणूवर चालणारी औषधेही त्याच्यावर चालत नाहीत.

एक चुकीची दिशा : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भाशयग्रीवेचा कर्करोग झालेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे अधिक प्रमाणात आढळली. हा विषाणूच कर्करोगाचे कारण असावा, असा समज त्यावरून दृढ झाला व त्यावर सु. पंधरा वर्षे विपुल संशोधन झाले. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मात्र कर्करोगाच्या कोशिकांत या विषाणूचे डीएनए सापडले नाही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने मानवी पॅपिलोमा विषाणूचा एक नवा प्रकार अशा अर्बुदांत दाखविला; या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये प्राग येथे सु. दहा हजार स्त्रियांचे अनेक वर्षे निरीक्षण करून व्लादिमिर व्होंका व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसर्पाचा विषाणू व हा कर्करोग यांत कार्यकारणसंबंध आढळत नाही, असे दाखविले. दोन्ही विषाणू लैंगिक संबंधातून पसरत असल्याने ते एकाच व्यक्तीत एकत्र आढळत होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तरी त्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही, याचा हा धडा रोगपरिस्थितिविज्ञानात आजही दिला जातो.

उपचारांचा इतिहास : प्रभावी औषधापूर्वीच्या काळात देवीची लस पुनःपुन्हा टोचणे, तसेच व्रणांवर रंगद्रव्य लावून प्रकाश टाकणे असे उपाय प्रचारात होते. रोग आपोआप बरा होत असल्याने प्रत्येक उपाय गुणकारी भासे. नियंत्रित चाचण्यांत ते निरुपयोगी ठरले.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्यम प्रूसॉफ यांनी १९५९ मध्ये आयडॉक्सुरिडीन हे संयुग तयार केले. १९६२ मध्ये नेत्रतज्ञ हर्बर्ट कॉफमन यांनी त्याचे थेंब परिसर्पजन्य स्वच्छमंडलशोथावर यशस्वी रीतीने वापरले. विषाणूंवर औषधच असू शकत नाही, हा तत्कालीन समज त्यामुळे मोडला. डोळ्यातील या यशामुळे तेच औषध मेंदूच्या शोथावर शिरेतून देण्यात येऊ लागले व काही रुग्ण वाचल्याचे वृत्तान्तही प्रसिद्ध झाले. परंतु १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते या रोगावर निष्फळ व अतिशय विषारी असल्याचे दिसून आले.

परिसर्पजन्य मस्तिष्कशोथ हा दर दहा लाख लोकांत वर्षाला सु. दोन ते चार व्यक्तींना होणारा विरळ रोग आहे. ताप, डोकेदुखी, वागण्यातील अचानक बदल, वाचेतील दोष व झटके ही त्याची लक्षणे असून शंखखंड (मेंदूचा कानशिलाजवळील भाग) विशेषेकरून नष्ट होतो. उपचारावाचून सु. ७०% रुग्ण दगावतात व वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्मृतिभ्रंशादी अपंगत्व येते. १९७७ मध्ये रिचर्ड व्हिटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवोतक परीक्षेने (मेंदूच्या ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीने) निदान झालेल्या २८ रुग्णांवर व्हिडाराबीन या औषधाची चाचणी घेतली. एका महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण औषधाविना ७० टक्के, तर औषधाने २८ टक्के होते. घातक विषाणुजन्य रोगात औषधाने प्राण वाचतात, हे अशा रीतीने नियंत्रित चाचणीत दिसून आले.

याच सुमारास बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन (१९१८–९९) व सहकारी यांनी ॲसायक्लोव्हिर हे औषध विकसित केले. ते स्वतः निष्क्रिय असते. त्यास फॉस्फेटाचा पहिला रेणू जोडण्याचे काम विषाणूचेच थायमिडीन कायनेज हे एंझाइम करते. पुढील दोन फॉस्फेटे कोशिकेची एंझाइमे जोडतात व मग ते विषाणूच्या डीएनएची वाढ खुंटविते. निरोगी कोशिकांत विषाणूचे एंझाइम नसल्याने त्यांना फारसा अपाय होत नाही. म्हणजे विषाणू स्वतःच्याच एंझाइमाने स्वतःचे विष तयार करतो. स्वीडनमधील १९८४ च्या चाचणीत व्हिडाराबीन घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण ५०%, तर ॲसायक्लोव्हिर घेणाऱ्यांत १९% आढळले. १९८६ च्या अमेरिकन चाचणीत हीच प्रमाणे अनुक्रमे ५४% व २८% होती. एलियन यांना १९८८ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बेशुद्धी गाढ होण्यापूर्वी औषध सुरू झालेल्या रुग्णांचेच भवितव्य चांगले असते, हे या चाचण्यांतून स्पष्ट झाले. निदानासाठी कवटी उघडावी लागत असल्याने पूर्वी मौल्यवान वेळ जाई. १९९० च्या दशकात पॉलिमरेज शृंखला विक्रियेच्या साहाय्याने मस्तिष्क-मेरुद्रवातील विषाणूचे डीएनए ओळखता येऊ लागले व ती अडचण दूर झाली. आता केवळ संशय आल्यावरही, तपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता, औषध शिरेतून सुरू करतात. इतक्या सार्वत्रिक विषाणूमुळे हा रोग विरळ व्यक्तींनाच का होतो, याचे अंशतः उत्तर २००६ व २००७ मध्ये पॅरिस येथील झां-लॉराँ काझानोव्हा यांच्या गटाने दिले : काही मुलांत मेंदूचे या विषाणूपासून रक्षण करणाऱ्या यंत्रणेत जन्मजात जनुकीय दोष असतो.

नवजात अर्भके : जी. एम. हास यांनी १९३५ मध्ये नवजात अर्भकाच्या यकृतात व अधिवृक्क ग्रंथींत या रोगाची चिन्हे वर्णन केली. संसर्ग बहुधा प्रसूतीच्या वेळी मातेच्या जननमार्गातून होतो. मातेस जुना परिसर्प असल्यास अर्भकास धोका अल्प असतो, कारण तिची प्रतिपिंडे त्यास आधीच मिळालेली असतात. गर्भारपणाच्या अखेरीस तिला पहिल्यांदाच संसर्ग झाला, तर मात्र तो फार मोठा असतो. सर्व शरीरभर पसरलेल्या रोगात उपचारावाचून सु. ८५% अर्भके दगावतात; ॲसायक्लोव्हिराच्या मोठ्या मात्रेने हे प्रमाण सु. ३० टक्क्यांपर्यंत उतरले आहे. प्रसूतीच्या वेळी व्रण असल्यास उदरपाटन शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. ओठावर फोड असताना नवजात अर्भकाचा मुका घेणे कटाक्षाने टाळावे.

सामाजिक परिणाम : ओठावरील फोडास समाजाने कधी दोष मानला नाही, तोच विषाणू जननेंद्रियांवर आढळला म्हणजे मात्र तो चारित्र्याचा प्रश्न बनतो. २ ऑगस्ट १९८२ रोजी अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने या रोगास मुखपृष्ठावर कलंकचिन्हाची उपमा दिली आणि भीती व लज्जा यांत भर पडली. सुप्तावस्थेचे ज्ञान येथेही उपयुक्त ठरते. विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकत असल्याने आज उठलेल्या फोडावरून संसर्ग केव्हा व कोणाकडून झाला हे ठरविता येत नाही. पती किंवा पत्नीवर त्यावरून संशय घेणे अशास्त्रीय आहे. व्रण नसतानाही विषाणू अधूनमधून बाहेर पडत असतो व बहुतेक संसर्ग अशा वेळी, स्वतःस संसर्ग आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तींकडूनच होतात.

सद्यःस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासंबंधीच्या अंदाजानुसार पन्नास वर्षांखालील सु. ३८० कोटी लोकांत पहिला, तर १५ ते ४९ वर्षे वयाच्या सु. ५२ कोटी लोकांत दुसरा प्रकार होता. दुसऱ्या प्रकारामुळे एचआयव्ही संसर्गाचा धोका सु. तिपटीने वाढतो, तथापि ॲसायक्लोव्हिर नियमित देऊन तो कमी करण्याचे २००८ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयत्न अयशस्वी ठरले. राहणीमान सुधारलेल्या देशांत बालपणी होणारा संसर्ग घटला. त्यामुळे तरुणपणी पहिला प्रकारच जननेंद्रियांवर होण्याचे प्रमाण तेथे वाढले आहे. ८,३२३ स्त्रियांवरील लशीची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या प्रकारापासून त्या लशीने संरक्षण मिळाले नाही. २०२५ पर्यंत कोणतीही लस सर्वसाधारण वापरासाठी मान्य झालेली नव्हती. २०२० मध्ये सिॲटल येथील संशोधकांनी जनुके कापणाऱ्या एंझाइमांच्या साहाय्याने उंदरांच्या गुच्छिकांतील सुप्त विषाणूंचा बराच मोठा भाग नष्ट केला. सुप्त विषाणूवर थेट आघात करण्याचा हा मार्ग माणसात सुरक्षित ठरेल किंवा कसे, हे सिद्ध व्हावयाचे आहे. दरम्यान या विषाणूचा उपयोगही करून घेण्यात आला आहे. त्याचे उपद्रवी गुण काढून टाकलेला एक प्रकार २०१५ पासून त्वचेच्या कृष्णकर्करोगावर अमेरिकेत व यूरोपात मान्यताप्राप्त औषध म्हणून वापरला जातो.

उपलब्ध औषधांनी रोगाचा झटका बहुधा आवरता येतो, वारंवारता कमी करता येते व प्राणही वाचविता येतात. परंतु गुच्छिकेतील विषाणू तेथेच राहतो. म्हणून ताप व वागण्यातील बदल एकत्र दिसताच, डोळा लाल होऊन दुखू लागताच किंवा नवजात अर्भकाच्या अंगावर पुटकुळ्या दिसताच विनाविलंब वैद्यकीय उपचार मिळणे, हाच या रोगाचे गंभीर परिणाम कमी करण्याचा महत्त्वाचा उपाय होय.